६० अंशांच्या कोनाचे तीन समान भाग का होत नाहीत?

कंपासपेटी: खुणा नसलेली पट्टी आणि कंपास एवढ्यानंच कोन दुभागता येतो, रेषाखंडाचे हवे तितके समान भाग करता येतात, मग कोनाचे तीन का नाहीत? मी ६० अंशांचा कोन काढला, शिरोबिंदूवर कंपास ठेवून कंस मारला, जीवेचे तीन समान भाग केले आणि त्या बिंदूंतून किरण काढले. बघताना तर बरोबर दिसतं. जमत नाही म्हणजे अजून कुणाला रीत सापडलेली नाही, एवढंच ना?

कोनाडा: भाग समान नाहीत. मधला साधारण २१.८ अंशांचा येतो, कडेचे १९.१ चे. जीवेचा मधला तुकडा शिरोबिंदूच्या जास्त जवळ असतो, म्हणून तो जास्त कोन व्यापतो. कोनमापक लावा, फरक दिसेल.

तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. ‘सापडली नाही’ आणि ‘असूच शकत नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि इथे दुसरी गोष्ट खरी आहे. ती १८३७ मध्ये पिएर वांत्झेल या फ्रेंच गणितज्ञानं सिद्ध केली. पट्टीनं रेषा येते, कंपासनं वर्तुळ. त्यांचे छेदनबिंदू काढायला चार मूलभूत क्रिया आणि वर्गमूळ एवढंच लागतं. हजार पायऱ्यांची रचना केलीत तरी वर्गमूळावर वर्गमूळ चढत जाईल, वेगळं काही येणार नाही.

आता २० अंशांचा कोन हवा, म्हणजे त्रिज्या १ धरली तर कोसाइन २०° एवढी लांबी हवी. तिच्या दुपटीला य म्हणा. मग तिप्पट कोनाच्या कोसाइनच्या सूत्रावरून य³ − ३य − १ = ०. या समीकरणाला परिमेय उकल असलीच तर ती १ किंवा −१ असणार. घालून बघा: −३ आणि १ येतात, शून्य येत नाही. आणि सहगुणक परिमेय असून परिमेय उकल नसलेल्या घनसमीकरणाची एकही उकल नुसत्या वर्गमूळांनी गाठता येत नाही. विषय संपला! अगणित रचनांपैकी एकही न तपासता सगळ्यांचा निकाल एकदम लागतो, म्हणून हा पुरावा मला फार आवडतो.

वर्तुळकेंद्र: पण ९० अंशांचे तीन भाग होतात की! समभुज त्रिकोणातून ३० अंश सहज मिळतात.

कोनाडा: होतात, अगदी बरोबर. वांत्झेलचं म्हणणं एवढंच की प्रत्येक कोनाला चालेल अशी एक रीत नाही. त्यासाठी ६० चा एक कोन अडला तरी पुरे.

कंपासपेटी: समजलं. मग पट्टीवर खुणा केल्या तर?

कोनाडा: मग जमतं! रीत आर्किमिडीजच्या नावानं ओळखली जाते. शिरोबिंदू केंद्र धरून वर्तुळ काढा. कोनाची एक भुजा शिरोबिंदूच्या मागे, वर्तुळाच्या बाहेरपर्यंत वाढवा. पट्टीवर त्रिज्येएवढ्या अंतरावर दोन खुणा करा. दुसरी भुजा वर्तुळाला छेदते त्या बिंदूतून पट्टी जाऊ द्या आणि ती अशी सरकवा, की बाहेरची खूण वाढवलेल्या रेषेवर येईल आणि आतली वर्तुळावर. बाहेरच्या खुणेपाशी पट्टी आणि रेषा यांच्यात होणारा कोन मूळ कोनाचा नेमका तिसरा हिस्सा असतो. सिद्ध करायला दोन समद्विभुज त्रिकोण पुरतात. आकृती काढा, ते लगेच दिसतील.