लिव्हरपूलची तंबाखू वखार आतून पोखरली: याला जतन म्हणायचं का?

चिरेबंदी
लिव्हरपूलच्या स्टॅन्ली डॉकवरची तंबाखू वखार १९०१ ची. १४ मजले, ३८ मीटर उंची, सुमारे २.७ कोटी विटा, आणि एकेका मजल्याचा पसारा २२० बाय ५० मीटर. तिथे आता फ्लॅट काढलेत. त्यासाठी इमारतीचा मधला गाभाच कापून मोकळी अंगणं केली. माझं मत असं, की वखारीचं वखारपण तिच्या आत खोलवर गेलेल्या पसाऱ्यात असतं. ओळीने उभे खांब, तंबाखूच्या पिंपांच्या मापाने ठेवलेलं बुटकं छत, टोकाला नजर पोचणार नाही असा अंधार. ते काढलं की उरतो विटांचा पडदा. शहराच्या मध्यवस्तीतला अल्बर्ट डॉक (१८४६) बघा. तिथे टेट कलादालन आलं, सागरी संग्रहालय आलं, तरी धक्क्यावरचे ओतीव लोखंडाचे जाडजूड खांब आणि विटांच्या कमानी जागेवर आहेत. युनेस्कोने २०२१ मध्ये शहराचा जागतिक वारसा दर्जा काढला तो उगाच नाही.

ओळंबा
युनेस्कोचा मुद्दा आधी बाजूला काढा. आक्षेपाचा रोख उत्तरेकडच्या गोद्यांवरच्या उंच टॉवरांच्या योजनेवर आणि ब्रॅमली-मूर डॉक बुजवून बांधायच्या एव्हर्टन फुटबॉल क्लबच्या स्टेडियमवर होता. ही वखार त्याचं कारण नव्हती.

आता गणित. मजल्याची उंची जेमतेम २.२ मीटर, म्हणजे खिडकीचा वरचा काठ फार तर दोन मीटरवर. उजेड आत येतो तो त्या उंचीच्या साधारण दुप्पट-अडीचपट. दोन्ही बाजूंनी पाच-पाच मीटर धरले, तर पन्नासपैकी चाळीस मीटर कायम दिव्यावर. तिथे माणसं कशी राहणार? संग्रहालयाला अंधार चालतो, म्हणून अल्बर्ट डॉकचा दाखला इथे लागू पडत नाही.

आणि एक गंमत. ही वखार स्वतःच अतिक्रमण आहे! गोदी-अभियंता जेसी हार्टलीच्या १८४८ च्या या गोदीचा दक्षिणेकडचा भाग बुजवून तिला जागा केली. त्याच्या जुन्या दक्षिण वखारीसमोरचं गोदीचं पाणी गेलं आणि दोहोंमध्ये उरली ती ऊन न लागणारी बोळ. लोक तिला ‘न्यूमोनिया अ‍ॅली’ म्हणतात.

चिरेबंदी
अंधार आहे, तर घरं करू नका. अभिलेखागार करा, संग्रहालयांचं साठवणीचं दालन करा. १९०१ मध्ये एक चूक झाली म्हणून दुसरी माफ होत नाही.

ओळंबा
साठवणीच्या भाड्यातून १४ मजल्यांचं छप्पर, पन्हळी आणि हजारो खिडक्या निघत नाहीत. १९८० च्या दशकात तंबाखू गेल्यावर खाली रविवारचा बाजार भरायचा आणि वरचे मजले ओस. पन्हळ तुंबली की पाणी भिंतीच्या माथ्यातून उतरतं आणि पुढचं सगळं तिथून सुरू होतं.

खारा_वारा
तुम्ही दोघं गाभ्यावर भांडताय, धोका कडेच्या भिंतीत आहे. इमारतीत सुमारे ८,००० टन पोलाद आहे. अशा बांधकामात तुळयांची टोकं विटेत गाडलेली असतात, आणि नदीचा खारा वारा बारमाही. पोलाद गंजलं की कित्येक पट फुगतं आणि वीट आतून ढकलतं. तुळईच्या पातळीवर आडवी, सरळ चीर दिसली की ओळखायचं.

घर उबदार करायला आतून जाड उष्णतारोधक थर लावला की हे वाढतं. भिंत आता खोलीच्या उबेने सुकत नाही, थंड राहते, आणि थरामागे शिरलेली वाफ तुळईच्या टोकावर पाणी होऊन बसते. म्हणून थर पातळ हवा आणि वाफ जाऊ देणारा, उदाहरणार्थ चुन्याच्या गिलाव्यावर लाकूडतंतूचे बोर्ड. तुळईची टोकं आधी उघडून, घासून, रंगवून घ्यायची. यात काटकसर केली तर वीसेक वर्षांत दुरुस्तीसाठी भिंतीला परांच्याच परांच्या.

सांध्यांचंही तेच. सिमेंटने दरजा भरल्या की ओल विटेतून बाहेर पडते आणि थंडीत विटेचा पापुद्रा सुटतो. दरज रुंदीच्या किमान दुप्पट खोल, हाताने खरवडायची. ग्राइंडर लावला की विटेच्या कडा गेल्या. मग चुन्याने भरायची.

धक्क्यावरून
गाभ्याच्या बाबतीत मी ओळंबांच्या बाजूने. मध्यवस्तीत बिघडलं ते दृश्य. अल्बर्ट डॉकवरून पिअर हेडच्या, म्हणजे नदीकाठच्या धक्क्यावरच्या, तीन इमारती, लिव्हर (१९११), क्युनार्ड (१९१७) आणि पोर्ट ऑफ लिव्हरपूल (१९०७), एका नजरेत येत. मधे मॅन आयलंडच्या नव्या इमारतींचे काळे ठोकळे बसले आणि ती रेघ तुटली. शेजारच्या फेरी टर्मिनलला तर २००९ मध्ये सर्वांत वाईट नव्या इमारतीचा ‘कार्बंकल कप’ मिळाला, आणि तो शोभतोही. वखारीचा गाभा कापला तो रस्त्यावरून दिसत तरी नाही.

चिरेबंदी
दिसत नाही म्हणून चालतं, हेच मला पटत नाही. निदान एक गाळा, म्हणजे वखारीचा एक उभा तुकडा, तळापासून माथ्यापर्यंत, पूर्ण ५० मीटर खोलीसकट, न कापता ठेवायचा होता.

खारा_वारा
एक गाळा ठेवणं शक्य होतं. बाजूच्या फ्लॅटपासून तो आगरोधक भिंतीने तोडायचा आणि त्याचा जिना वेगळा ठेवायचा. पण चौदाही मजले लोकांना उघडायचे म्हटलं तर आणखी सुटकेचे जिने घालावे लागतात, म्हणजे पुन्हा कापाकापी. तीन मजले उघडे, वरचे बंद, इतपतच जमलं असतं.