जुन्या एचओ प्रवासी डब्यांची चाकं आणि कपलर: आधी काय बदलावं?

नाशिककर_मास्तर

नमस्कार मंडळी. माझा थोरला भाऊ न्यू जर्सीत, एडिसनला असतो. दिवाळीत येताना त्याने तिथल्या जुन्या मॉडेलांच्या बाजारातून घेतलेले सहा अमेरिकन प्रवासी डबे आणले. एचओ मापाचे (खऱ्याच्या ८७व्या हिश्शाचे), चंदेरी, प्रत्येकी जवळजवळ ३० सेंटिमीटर लांब. खिडकीतून आतली बाकं दिसतात, डायनिंग कारमध्ये टेबलांवर दिवेसुद्धा कोरलेत. माझी मुलगी दहा वर्षांची आहे. पहिल्या रात्री डब्यांचा खोका उशाशी घेऊन झोपली ती.

पण गाडी काही नीट धावत नाही. आमचे रूळ कोड ८३चे, नवे. त्यांच्यावर हे डबे टक-टक-टक आवाज करत जातात, प्रत्येक खिळ्याला चाक आपटल्यासारखं. पुढे ओढले तर कसेबसे जातात, पण इंजिनाने मागे ढकलले की सांध्यावर (गाडी रूळ बदलते तिथे) तिसरा किंवा चौथा डबा हमखास उतरतो. शिवाय डब्यांना ते जुने शिंगासारखे प्लॅस्टिकचे कपलर (डबे जोडणारे आकडे) आहेत. माझ्या इंजिनाला केडी कंपनीचा कपलर आहे. दोघांचं जुळत नाही, म्हणून सध्या तारेचा आकडा करून ओढतोय.

भावाकडून धातूचे २४ चाकजोड आणि केडीचे १२ कपलर मागवले. उत्साहाच्या भरात एका डब्याला आधी कपलर लावला, इंजिनाशी उंची जुळवून घेतली, छान लागला. मग चाकं बदलली, आणि तोच कपलर इंजिनाच्या कपलरपेक्षा खाली गेला. भरीला तो डबा आता जड चालतो. बोटाने ढकलला तर वीतभर जाऊन थांबतो. जुन्या चाकांवर निदान दोन हात जायचा.

बाकीच्या पाच डब्यांना अजून हात लावलेला नाही. नेमकं कुठून सुरू करू?


सिकलाइन

मास्तर, पाच डबे तसेच ठेवलेत हे फार बरं केलंत.

मी ३४ वर्षं रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगनमध्ये, म्हणजे डब्यांच्या देखभालीत काढली, त्यातली बरीच मुंबईत वाडी बंदरच्या पिट लाइनवर, जिथे डबे खालून तपासतात. निवृत्त झाल्यावर बदलापूरला घराच्या गॅलरीत एचओची लाइन टाकली. डेपोत शिकलेलं जवळजवळ सगळं इथे जसंच्या तसं लागू पडतं, फक्त मापाला ८७ने भागायचं.

आधी चाक, मग ट्रॉली, मग कपलर, शेवटी वजन. हा क्रम मोडू नका. (चाकांच्या गाड्याला आम्ही ट्रॉली म्हणतो. प्रवासी अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतात, म्हणून आधीच सांगितलं.) कपलरची उंची चाकावर अवलंबून असते. डेपोत चाक लेथवर जाऊन बारीक होऊन आलं, की आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्यातल्या) डब्याच्या ट्रॉलीत तेवढी पॅकिंग रिंग टाकून डबा परत उचलायला लागायचा. तुमच्याकडे तेच झालंय. तुमच्या पाकिटावर ३३ लिहिलेलं असणार, बघा. अमेरिकेत ३३ इंची चाक मालगाडीचं. एचओत ते ९.६ मिलिमीटर भरतं. प्रवासी डब्याला ३६ इंची लागतं, म्हणजे १०.५ मिलिमीटर. व्यासात ०.९चा फरक पडला की डबा ०.४५ने खाली बसतो. योगायोग असा, की आपल्या आयसीएफ डब्याचं नवं चाकही ९१५ मिलिमीटरचं, म्हणजे तेच ३६ इंच. प्रवासी डब्याखाली ३३ची चाकं बघितली की मला डबा गुडघ्यात वाकल्यासारखा दिसतो.

०.४५ म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. डेपोत बफरची उंची रुळापासून १०३० ते ११०५ मिलिमीटरच्या मधे असायला लागते. एवढ्या मोठ्या गाडीला ७५ मिलिमीटरची मोकळीक. तिला ८७ने भागा: ०.८६ मिलिमीटर. तुम्ही त्यातली निम्मी चाकातच खर्च केलीत.

आता टक-टक. आमच्या भाषेत हा ‘डीप फ्लँज’. खऱ्या चाकाचा फ्लँज (रुळाच्या आतल्या बाजूला उतरणारी कड) नवा असताना २८.५ मिलिमीटर उंच असतो. चाकाचा रुळावर टेकणारा भाग झिजत जातो तसा फ्लँज उंच होत जातो, आणि ३५ला पोचला की चाक बाद. का? कारण तो रुळाच्या जोडाच्या बोल्टांना, सांध्यातल्या ब्लॉकांना लागायला लागतो. जुन्या मॉडेलांची चाकं मुळातच खोल फ्लँजची बनवायचे, तेव्हाचे रूळ कोड १००चे, जास्त उंच. कोड ८३ म्हणजे ०.०८३ इंच, जेमतेम २.१ मिलिमीटर. त्यावर खोल फ्लँज खिळ्यांच्या डोक्यांवरून चालतो. कान लावून ऐकलात हे चांगलं केलंत. आम्हीसुद्धा गाडी यार्डात शिरताना आधी कानानेच तपासायचो. नवी चाकं घ्याल ती आरपी-२५ आकाराची हवीत. अमेरिकेच्या एनएमआरए संस्थेने ठरवलेला हा फ्लँजचा आकार आहे, आणि हल्लीची बहुतेक धातूची चाकं त्याच आकाराची येतात.

डबा जड चालतोय त्याचं कारण अॅक्सलची लांबी. जुना अॅक्सल काढून टोकापासून टोकापर्यंत मोजा, व्हर्नियरने. नवे बरेचसे २५.८ मिलिमीटरचे असतात. जुने आखूड निघतील. लांब अॅक्सल कोंबला की ट्रॉलीच्या दोन बाजू फाकतात आणि टोकं भोकात आवळतात. भोकं खोल करत बसू नका, प्लॅस्टिक पातळ होऊन एक दिवस टोक बाहेर येईल. योग्य लांबीचे अॅक्सल मिळतात, तेच मागवा.

बसवण्याआधी प्रत्येक चाकजोड मापाला लावा. आपल्या ब्रॉडगेजच्या खऱ्या गाडीत दोन चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर १६०० मिलिमीटर, २ जास्त किंवा १ कमी चालतं, बस. ज्याचं गेज चुकलं ती गाडी सिक लाइनला, म्हणजे दुरुस्तीच्या रुळावर. एचओचं गेज वेगळं, तिथे हे अंतर साधारण १४.४ मिलिमीटर. एनएमआरएचा पत्र्याचा मापक घ्या, त्याच्या खाचांत दोन्ही फ्लँज अलगद बसले पाहिजेत. कमी-जास्त असेल तर चाक अॅक्सलवर पिळत सरकवा. थेट ओढू नका, तिरकं होतं. सांध्यावर उतरणाऱ्या डब्यांत निम्मा दोष इथेच सापडतो.

मग ट्रॉली. एका टोकाची ट्रॉली स्क्रूने एवढीच आवळा, की ती डावी-उजवी वळेल पण बाजूला डुलणार नाही. दुसऱ्या टोकाची ढिली ठेवा, सगळीकडे डुलू दे. तीन पायांचं स्टूल कुठल्याही जमिनीवर डुगडुगत नाही, तसं. दोन्ही घट्ट केल्यात तर रूळ जरा वाकडा आला की एक चाक हवेत राहतं.

कपलर शेवटी. ट्रॉलीवरचा काढून डब्याच्या तळाला लावा. ढकलताना जोर ट्रॉलीवर आला की ती आडवी फिरते आणि सांध्यात चढते. तुमचा तिसरा-चौथा डबा म्हणूनच उतरतोय. १.६ मिलिमीटरचं भोक, एम-२चा टॅप, एम-२चा स्क्रू. कपलरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून ९.९ मिलिमीटरवर यायला हवा. केडीचा उंचीचा मापक मिळतो, त्यात पैसे वाचवू नका. कपलर उंच आला तर त्याची पेटी (ज्या डबीत तो बसतो ती) आणि डब्याचा तळ यांच्या मधे पातळ पट्टी घाला. मुदत संपलेलं एटीएम कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असतं, मी तेच कापून वापरतो. खाली आला तर ट्रॉली आणि डब्याच्या मधे वॉशर. कपलरखाली लोंबणारी वाकडी तारही बघा. ती रुळाला लागली तर सांध्यात अडकून डबा उचलला जातो. आणि पेटीत तेल अजिबात नको. धूळ धरून चिकट होतं. कुलूपवाल्याकडे मिळते ती कोरडी ग्राफाइट पूड चिमूटभर टाका.


भिवपुरी_रोड

सिकलाइन काकांशी एका मुद्द्यावर सहमत नाही. मास्तर, तुमची वळणं किती त्रिज्येची? आठ बाय चारच्या प्लायवर असाल तर २२ इंचांच्या वर जाताच येत नाही. ३० सेंटिमीटरचा डबा आणि ५६ सेंटिमीटरची त्रिज्या, म्हणजे डब्याच्या दुप्पटसुद्धा नाही. अशा वळणावर डब्याची टोकं रुळाबाहेर खूप लांब जातात. कपलर तळाला लावलात तर एक डबा दुसऱ्याला बाजूला खेचून खाली पाडेल. तळाला लावलेल्या कपलरसाठी त्रिज्या डब्याच्या तिप्पट हवी, म्हणजे ९० सेंटिमीटर. मी हे करून चार डब्यांची पुढची तोंडं फोडून घेतली आहेत. ट्रॉलीवरच राहू द्या.


नाशिककर_मास्तर

काका, तुमचा निरोप मुलीला वाचून दाखवला. तिने पाकीट आणलं. ३३च लिहिलंय.

जुना अॅक्सल २४.६ मिलिमीटर भरला, नवा २५.८. म्हणजे दोन्ही रोग बरोबर ओळखलेत.

टेबल आठ बाय चारचंच आहे. बाहेरचं वळण २२ इंचांचं, आतलं १८चं. मग कपलर कुठे लावू?


सिकलाइन

भिवपुरी_रोड यांचं म्हणणं बरोबर आहे. टेबलाचं माप न विचारता सांगितलं ही माझी चूक. माझ्या गॅलरीत ३० इंचांचं वळण आहे आणि डबे आयसीएफचे, साडेचोवीस सेंटिमीटरचे, त्यामुळे हा त्रास मला कधी आला नाही.

मास्तर, ट्रॉलीची जीभ (कपलर धरणारी पट्टी) राहू द्या. तिच्यावरचं जुनं शिंग कापा, जागा कानशीने सपाट करा आणि केडीची पेटी तिथेच स्क्रूने बसवा. उंची तीच, ९.९ मिलिमीटर. मात्र ढकलणं कमी करा. इंजिन सोडवून बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला न्या, कल्याणला पूर्वी गाड्यांचं करायचे तसं. मुलीला त्यातच जास्त मजा येईल. या डब्यांना १८च्या वळणावर नेऊच नका, ते मालगाडीला द्या. ३३ची चाकंही मालगाडीच्या वॅगनींखाली घाला, वाया जाणार नाहीत. अॅक्सलची लांबी तेवढी तिथेही मोजा.

आणि जिथे डावं वळण संपून लगेच उजवं सुरू होतं, तिथे मधे एक डबाभर सरळ रूळ टाका. ३० सेंटिमीटर. कपलर ट्रॉलीवर असला तरी हे लागतंच.

वजनाचंही सांगून ठेवतो. एनएमआरएचा हिशेब एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. तुमच्या पावणेबारा इंची डब्याला सात औंसांच्या आसपास, म्हणजे १९५ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा. कमी भरलं तर चाकांना टायरवाले लावतात ती चिकटणारी वजनं आत, जमिनीलगत लावा. छपराला कधीच नको.


तांब्याची_तार

एक राहिलं. जुनी प्लॅस्टिकची चाकं वीज वाहत नव्हती, धातूची वाहतात. प्रत्येक जोडात एका चाकाच्या आणि अॅक्सलच्या मधे इन्सुलेशन (वीज अडवणारा थर) असतं. तुमच्या ट्रॉलीची चौकट धातूची असेल तर एका ट्रॉलीतली सगळी इन्सुलेटेड चाकं एकाच बाजूला ठेवा. एक जोड उलटा बसला की शॉर्ट होतो आणि गाडी जागच्या जागी थांबते. मल्टिमीटर लावून प्रत्येक जोड तपासायला दोन मिनिटं लागतात.


नाशिककर_मास्तर

तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण भावाकडून ३६ची चाकं यायला वेळ लागला. पाच डबे झाले. टक-टक पूर्ण थांबली. पहिला डबा बोटाने ढकलला तर टेबलाच्या या टोकापासून त्या टोकाला गेला आणि मुलीने पलीकडे झेलला. एक जोड १३.९ला निघाला, नवा कोरा असून. पिळून १४.४वर आणला. कपलर पाचही डब्यांचे मापकाशी जुळले. दोन डब्यांना एटीएम कार्ड लागलं, बायकोचं जुनं.

अडलीय ती डायनिंग कार. तिच्या एकेका ट्रॉलीत तीन अॅक्सल आहेत, त्यामुळे चाकंही दोन जोड कमी पडली होती. ती आली, बसवली, माप बरोबर आहे. तरी ती वळणावर शिरतानाच उतरते. बाकीचे पाच डबे त्याच जागेवरून पाणी वाहावं तसे जातात.


सिकलाइन

मधला अॅक्सल. ट्रॉली सोडवून काचेवर ठेवा, आरशावरही चालेल. एका टोकाला बोट दाबा. दुसरं टोक उचललं गेलं तर सगळा भार मधल्या चाकांवर आहे आणि कडेची नुसती टेकलीत. कडेचं चाक हलकं झालं की वळणात रूळ त्याला वळवू शकत नाही, फ्लँज चढतो. मधल्या अॅक्सलची भोकं बारीक गोल कानशीने फक्त वरच्या बाजूला घासा, केसभर. मधलं चाक जरासं वर-खाली हलायला हवं, भार कडेच्या चार चाकांनी घ्यायचा. दोन ओढ घासा, काचेवर ठेवा, बघा, परत घासा. जास्त गेलं तर भरून काढता येत नाही.


नाशिककर_मास्तर

आरशावर ठेवली आणि दाबल्याबरोबर डुलली. चारदा घासायला लागलं. आत्ता रात्रीचे साडेदहा वाजलेत. डायनिंग कार तिसऱ्या नंबरवर लावून सहा डबे बाहेरच्या वळणावर फिरताहेत. मुलगी फेऱ्या मोजतेय, सतराव्या फेरीपर्यंत एकही डबा उतरलेला नाही.