फिगर्स परत आणा म्हणे!

टोपिक: फिगर स्केटिंगबद्दल एक पोस्ट फिरतेय: "१९९० नंतर कंपल्सरी फिगर्स गेल्या, उरली नुसती उड्यांची सर्कस. फिगर्स परत आणा." फिगर्स म्हणजे बर्फावर ठरलेल्या वर्तुळाकृती गिरवायची फेरी. लिहिणाऱ्याने जुने निकाल तरी चाळावेत. साप्पोरो ऑलिंपिक १९७२: ट्रिक्सी शुबा फ्री स्केटिंगमध्ये (संगीतावर उड्या-फिरक्यांची फेरी) सातवी, तरी सुवर्ण तिला. जॅनेट लिन फ्रीमध्ये पहिली, हातात कांस्य. कारण निम्मे गुण फिगर्सना. टीव्हीवर बघणाऱ्याला काय कप्पाळ कळणार? १९७३ ला शॉर्ट प्रोग्राम (उड्या-फिरक्यांची छोटी फेरी) आणावा लागला तो उगाच नाही.

जुनी रेघ: आली शुबा! दुसरं उदाहरण नाहीच का? स्केटरच्या उंचीच्या साधारण तिप्पट व्यासाचं वर्तुळ, तीच रेघ पुन्हा पुन्हा गिरवायची. जज बर्फावर वाकून बघायचे. ब्लेड सपाट पडलं की रेघ दुहेरी उमटणार, लपवणार कुठे? आज बाहेरच्या एजवरून (ब्लेडच्या धारेवरून) मारायच्या लुट्झ उडीच्या नावाखाली आतल्या एजवरची फ्लिप मारतात, ते एज कुणी घोटून घेत नाही म्हणूनच.

टोपिक: चूक. लुट्झला डाव्या पायाच्या आउटसाइड एजवर मागे जाताना वळण घड्याळाच्या दिशेने, फिरकी मात्र उलटी. उजवं टो-पिक (ब्लेडच्या टोकाचे दात) रोवायच्या आधीच खांदा वळवला की घोटा आत कलंडतो, एज गेलं. वर्तुळं गिरवून खांदा थांबत नाही.

जुनी रेघ: खांदा आवरणं फिगर्समध्येच शिकवायचे, पंडित! आणि शिक्षा काय? 'ई' (चुकीच्या एजची खूण) लागला तरी मूळ गुणांच्या ८० टक्के मिळतातच. नावाजलेल्यांना '!' (एज अस्पष्ट असल्याची खूण) देऊन सोडतात, त्यात मूळ गुण शाबूत.

टँगोवाला: तुमचं लुट्झपुराण चालू द्या. आइस डान्सची (बर्फावरचं जोडीनृत्य) कंपल्सरी नृत्यं २०१० ला काढली तेव्हा कुणाला रडू आलं नाही ते? व्हँकुव्हरला टँगो रोमँटिका हे ठरलेलं नृत्य झालं, तिथेच ऑलिंपिकपुरता खेळ खलास. एज बघायचं तर तिथे होतं, दोघांचं एकदम!

टोपिक: वेगळा धागा काढा हो.

टँगोवाला: नेहमीचंच. डान्स म्हटलं की वेगळा धागा.

जुनी रेघ: बरं, राहू द्या फिगर्स. '!' लाही ८० टक्के लावा, मग बघू किती लुट्झ उरतात.

टोपिक: एवढं मान्य. आधीच म्हणाला असतात तर एवढं टंकावं लागलं नसतं.