इनटेकने १५ एचपी? आधी हवेचं तापमान बघा
१.२ लिटर नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड (टर्बो नसलेल्या) पेट्रोल इंजिनमध्ये नुसत्या कोल्ड एअर इनटेकने (इंजिनला बाहेरची थंड हवा देणाऱ्या पाइप-फिल्टरने) १५ एचपी (हॉर्सपॉवर) वाढतात, असा दावा केला जातो. ते शक्य नाही. हवा ३ अंशांनी थंड झाली की घनता जेमतेम १ टक्का वाढते. ८५ एचपीच्या गाडीत हा फायदा एक एचपीसुद्धा भरत नाही. बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर) लावलात तर उलट गरम हवाच आत जाते, वाढतो तो फक्त आवाज. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती दाखवणारं यंत्र) लावून चालत्या गाडीत इनटेक टेम्परेचर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान बघा. बाहेरच्यापेक्षा ५-७ अंशच जास्त असेल, तर कंपनीचा एअरबॉक्स (एअर फिल्टरची बंद पेटी) उत्तम आहे, पैसे वाचवा.

मॅफ सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर) असेल तर त्याच्या जागचा पाइप रुंद करू नका. हवा कमी मोजली जाते, मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. आणि फिल्टर बंपरमागे खाली नकोच! पावसाळ्यात साचलेलं पाणी सिलिंडरमध्ये ओढलं गेलं, तर कनेक्टिंग रॉड वाकतो.