मदत हवी आहे: गाण्याचा मूड तीनदा बदलतो, व्हिडिओ कसा बसवू?

मंडळी, मित्राने बांधलेल्या गाण्याचा व्हिडिओ हर्णै बंदरावर शूट करायचाय. दोन दिवस, एकच कॅमेरा, बजेट म्हणजे आमचेच खिसे.

मुखडा खोडकर आहे, तो संध्याकाळच्या मासळी लिलावाच्या गर्दीत खपून जाईल. पहिल्या अंतऱ्यात भांडण, तिथे कॅमेरा हातात धरून. खरी अडचण पुढे. २२ सेकंद नुसती बासरी, आणि मग तोच मुखडा, तेच शब्द, पण रडवेल्या आवाजात. तीच जागा रिकामी दाखवू? ओला ओटा, उलट्या पडलेल्या पाट्या, एखादं मांजर? की सरळ गाण्यातल्या नायिकेच्या चेहऱ्यावर थांबू? मित्राला पाऊस हवाय. मला तो फार वापरून झालेला वाटतो.

शेवटचा मुखडा सेकंदाला ५० फ्रेम्सवर शूट करून २५ वर, म्हणजे स्लो मोशनमध्ये अर्ध्या वेगाने, चालवायचाय. त्यामुळे ओठ गाण्याशी जुळायला सेटवर गाणं दुप्पट वेगाने लावून तिला ओठ हलवावे लागणार. रडवेला चेहरा त्या वेगात टिकतो का? कुणी केलंय?

शिवाय भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. दोन दिवसांचे शॉट जुळवताना पाण्याची रेघ कशी लपवता?