हानलेला अरोरा लालच का दिसला?

प्रश्न: सातवीतली लेक विचारतेय, नॉर्वेच्या फोटोंत अरोरा (आकाशातला ध्रुवीय प्रकाश) हिरवागार, मग मे २०२४ मध्ये लडाखच्या हानलेला नुसता लाल कसा? माझी बोलती बंद!

उत्तर: कॅमेऱ्याची करामत, दुसरं काय.

उत्तर: नाही हो दादा. ताई, दोन्ही रंग ऑक्सिजनचेच. सौर वादळाने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळलं की इलेक्ट्रॉन सुसाट खाली येऊन अणूंवर आदळतात. साधारण १०० ते १५० किमीवर हिरवा उजेड, २०० च्या वर लाल. खरी गंमत पुढे आहे: लाल उजेड सोडायला अणूला जवळपास दोन मिनिटं लागतात. खालच्या दाट हवेत तेवढ्यात दुसरा कण धडकून ऊर्जा पळवतो, म्हणून लाल वरच्या विरळ हवेतच. हानलेपासून अरोरा पार उत्तरेला, त्यामुळे हिरवा भाग क्षितिजाआड; वरचा लाल तेवढा डोकावला.

प्रश्नकर्ती: सांगितलं. आता हिरवा बघायला नॉर्वेला चल म्हणतेय. बाबांकडे पाठवलंय.