रोटरी व्हॉल्व्हचा एफ ट्युबा निवडताना नेमके काय पाहावे?

खर्जवादक:
नमस्कार. मी जर्मनीतल्या श्टुटगार्टजवळच्या एका हौशी वाद्यवृंदात सहा वर्षे बी फ्लॅट ट्युबा (खर्जातले मोठे पितळी फुंकवाद्य) वाजवत आहे. सध्या फ्रेंच संगीतकार बेर्लिओझच्या ‘सिंफनी फँतास्तीक’ची तालीम सुरू आहे. त्यातले माझे सूर मुळात ऑफिक्लाइड या जुन्या पितळी वाद्यासाठी लिहिलेले असल्यामुळे माझ्या मोठ्या वाद्यावर ते जाडेभरडे उमटतात आणि शेवटच्या भागात सोबतची बसून ही लाकडी फुंकवाद्ये त्यांच्यामुळे झाकोळून जातात. शिवाय जर्मन संगीतकार हिंडेमिटचा ट्युबासाठीचा १९५५चा सोनाटा पियानोबरोबर वाजवण्याची मनापासून इच्छा आहे. म्हणून त्याहून लहान, वरच्या पट्टीचे असे वापरलेले दोन एफ ट्युबा पाहिले आहेत. दोन्हींचे व्हॉल्व्ह रोटरी आहेत, म्हणजे कळ दाबली की आतला रोटर फिरून हवा जादा नळीत वळवतो. एकाला पाच व्हॉल्व्ह आहेत, दुसऱ्याला सहा, आणि सहा व्हॉल्व्हचा बराच महाग आहे. तो जादा खर्च सार्थकी लागेल का?

मंद्रसप्तक:
आपला प्रश्न व्हॉल्व्हच्या संख्येपासून सुरू झाला असला तरी प्रथम खालचा सी हा सूर ऐकावा, असे मी आग्रहाने सुचवेन. रोटरी एफ ट्युबाचे वरचे सूर बहुतेक वाद्यांवर सहज आणि गोड लागतात, त्यामुळे दुकानात माणूस त्यांच्यावरच भाळतो. पण चौथी कळ दाबून येणारा हा सी अनेक वाद्यांवर घुसमटतो आणि वाद्यवृंदात नेमका तोच सूर भक्कम असावा लागतो. तो आधी अगदी हळू, मग पूर्ण जोराने वाजवावा, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला एखाद्या जाणकाराला ऐकायला बसवावे.

आता व्हॉल्व्हविषयी. एफ ट्युबाची मूळ नळी सुमारे ३.७ मीटर असते. ती अर्ध्या स्वराने उतरवायला साधारण २२ सेंटिमीटर नळी पुरते. चौथी कळ दाबली की लांबी ४.९ मीटरवर जाते आणि त्याच अर्ध्या स्वराला २९ सेंटिमीटर लागतात. म्हणून चौथ्याबरोबर नेहमीची दुसरी कळ दाबली की खालचा बी चढाच लागतो. सहावा व्हॉल्व्ह बहुधा हा लांब अर्धा स्वर देतो, तर पाचवा लांब पूर्ण स्वर. केवळ पाच व्हॉल्व्हवरही दोन, तीन आणि पाच एकत्र दाबून बी सुरात आणता येतो, मात्र जलद जागी बोटे अडखळतात. माझ्या मते वाद्यवृंदासाठी सहावा उपयुक्त आहे; पण पाच व्हॉल्व्हच्या वाद्याचा सी मोकळा असेल, तर मी डोळे मिटून तेच घेईन.

पितळी:
जुने वाद्य असल्याने एक तपासणी अवश्य करावी. दुसऱ्या व्हॉल्व्हची कळ न दाबता त्याची सरकनळी (त्या व्हॉल्व्हच्या जादा नळीचा सरकता भाग) बाहेर ओढावी, क्षणभर थांबावे आणि मग कळ दाबावी. ‘फट्’ असा स्पष्ट आवाज आला, तर रोटर अजून घट्ट आहे. आवाज आलाच नाही, तर हवा गळते, आणि ती दुरुस्ती खर्चिक असते. कळांच्या सांध्यांचा खडखडाट मात्र फारसा मनावर घेऊ नये. तो पुष्कळदा थोड्या तेलाने थांबतो.

खर्जवादक:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल दोन्ही वाद्ये पुन्हा वाजवली. सहा व्हॉल्व्हच्या वाद्याचा सी माझ्या मोठ्या माउथपीसवर फुटत होता. विक्रेत्यांनी दिलेल्या लहान माउथपीसवर तो एकदम मोकळा झाला. पाच व्हॉल्व्हचे वाद्य ‘फट्’ आवाजाच्या तपासणीत नापास झाले. सहा व्हॉल्व्हचे वाद्य गुरुवारच्या तालमीला नेण्याची परवानगी मिळाली आहे, आणि मागच्या रांगेत बसून ऐकायला माझे शिक्षक येणार आहेत.